द्वेषजन्य अपराध : ओळख व कर्तव्य

ईश्वर सर्वांभूती आहे, असे आपण नित्य म्हणतो. त्या श्रद्धेची कसोटी देवळाबाहेर लागते. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला; पंढरपूरचे द्वार सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण आरंभिले. तरीही द्वेष निमाला नाही. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. न्यायालयाने अपराध्यांस शिक्षा दिली, परंतु जातिद्वेषाचा हेतू सिद्ध झाला असे मानले नाही. हेतूचा पुरावा जपणे किती अगत्याचे, हाच यातील बोध.

साधे भांडण व द्वेषजन्य अपराध यांत भेद कोणता? मनुष्याने काय केले म्हणून नव्हे, तर तो कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे म्हणून त्यास पीडा दिली जाते, तेथे द्वेष ओळखावा. जातिवाचक शिवी, विहिरीवर मज्जाव, बहिष्कार ही त्याची चिन्हे होत.

असे घडल्यास प्रथम पीडितास धीर द्यावा. उच्चारलेले शब्द, वेळ, स्थळ व साक्षीदार तत्काळ लिहून ठेवावेत आणि पोलीस ठाण्यातील फिर्यादीत ते जसेच्या तसे नोंदवावेत. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांस लेखी कळवावे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १४५६६ हा साहाय्य-क्रमांकही आहे.

भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत नाना जातींचे हात एकत्र राबतात. त्यांपैकी एकावर आघात होताना पाहून मौन धरणे, यास आम्ही धर्म म्हणत नाही.