प्रोटीन स्किमरला पाणी कुठून द्यायचं? (मरीन टँक बसवून देणाऱ्यांसाठी)

मरीन टँक विकल्यावर गिऱ्हाइकाचा पहिला फोन बहुतेक वेळा स्किमरसाठी येतो. "काल फेस येत होता, आज बंद." किंवा "कप भरून वाहतोय." अशा दोन फुकट फेऱ्या झाल्या की तुमचं मार्जिन पेट्रोलमध्ये गेलं म्हणून समजा. आणि दहापैकी बऱ्याच वेळा मशीन ठणठणीत असतं, पाणी चुकीच्या जागेवरून दिलेलं असतं.

स्किमर पाण्यात बारीक हवेचे बुडबुडे सोडतो. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून सुटलेले प्रोटीनसारखे पदार्थ बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस बनून वरच्या कपात जातात. हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं, त्यामुळे गोल्डफिशवाल्याला स्किमर विकू नका हो!

हे पदार्थ टँकच्या पृष्ठभागावर जास्त जमतात. म्हणून ओव्हरफ्लोमधून खाली येणारं पाणी आधी स्किमरच्या कप्प्यात आलं पाहिजे. संप असेल तर हा पहिला किंवा दुसरा कप्पा. जागा आहे म्हणून रिटर्न पंपाच्या कप्प्यात स्किमर ठेवला, की तक्रार ठरलेली. का? हिशोब करू. पाणी उडून गेलं की पातळी रिटर्न कप्प्यातच उतरते, बाकीचे कप्पे मधल्या काचेमुळे भरलेले राहतात. समजा कप्पा ४५ बाय ३० सेंमी आहे. म्हणजे १ सेंमीला १.३५ लिटर. दिवसाला ४ लिटर पाणी उडालं तर पातळी जवळपास ३ सेंमी खाली! पातळी उतरली की फेस सुकतो. गिऱ्हाइकाने बादलीने पाणी ओतलं की तोच फेस कपाबाहेर.

म्हणून स्किमरचा कप्पा काचेने अडवा. पातळी किती हवी ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच मॉडेल्सना १५ ते २३ सेंमी लागते. पाणी जास्त खोल असेल तर स्किमरखाली अ‍ॅक्रिलिकचा स्टँड द्या. स्किमरमधून निघालेलं पाणी काचेपलीकडे सोडा, नाहीतर तेच तेच पाणी परत ओढलं जातं.

संप नसेल तर टँकच्या मागे टांगायचा स्किमर घ्या, पण पृष्ठभागाचं पाणी ओढणारा.

आता लाइट जाणं. पंप थांबला की टँकमधलं पाणी खाली येतं, त्यासाठी संपमध्ये रिकामी जागा हवीच. डिलिव्हरीच्या दिवशी गिऱ्हाइकासमोर प्लग काढून दाखवा. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर पाणी गळलं तर भांडण तुमच्याशीच होणार.

नवीन स्किमर सेट व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात, हे बिल देतानाच सांगा. आणि कोटेशनमध्ये नुसतं "स्किमर" लिहून सोडू नका. स्किमर, स्टँड, आपोआप पाणी भरणारा टॉप-अप आणि सेटिंगची दुसरी व्हिजिट, चार वेगळ्या ओळी, चार वेगळे रेट.