हलणारा ‘सा’ : समूहगायकाचा उन्हाळी प्रवास

आपल्या कलबुर्गी-बिदर भागात एकत्र गाणं नवं नाही. चर्चमधली उपासना असो, भजनी मंडळ असो की शाळेची प्रार्थना, सगळे मिळून गातात. पण बहुधा एकाच चालीत. क्वायरमध्ये मात्र चार गट एकाच वेळी चार निरनिराळ्या सुरावटी गातात. सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे आवाज, टेनर आणि बास हे पुरुषांचे. आपली ओळ न सोडता शेजाऱ्याची ओळ ऐकत राहणं, हीच यातली खरी विद्या. ती शिकायला कुणी उन्हाळ्यात परदेशी निघालं, तर काय बघावं, काय खावं आणि परत येताना काय आणावं, याचा हा छोटा पाठ.

आधी घरचं उदाहरण. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली मुंबईत परंज्योती अकॅडमी कोरसची स्थापना केली. १९६७ मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया यांनी हा वृंद पुढे चालवला. परदेशच्या दौऱ्यांत या वृंदाने पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय भाषांतली गाणीही ऐकवली. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही दाक्षिणात्य संगीताच्या वळणाची रचना तर आज परदेशी क्वायरही गातात. म्हणजे शिकायला जातानाही आपलं काहीतरी गाठीशी असावं लागतं.

आता हंगेरीकडे वळू. बुडापेस्टच्या आग्नेयेला केच्केमेत नावाचं गाव आहे. संगीतकार झोल्तान कोदाय यांचा जन्म इथलाच (१८८२). त्यांच्या नावाची संस्था १९७५ साली इथे सुरू झाली. जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या इमारतीत ती चालते आणि तिथल्या उन्हाळी वर्गांना देशोदेशीचे शिक्षक व गायक येतात. दिवसा स्वरवाचन आणि क्वायरचा सराव, संध्याकाळी मैफली.

तिथे पहिल्याच तासाला आपल्या माणसाला ओळखीचं काहीतरी सापडतं. कोदायच्या पद्धतीत ‘दो’ एका जागी खिळलेला नसतो. गाण्याच्या पट्टीप्रमाणे तो वर-खाली सरकतो. आपला ‘सा’ तरी दुसरं काय करतो? प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. ‘दो’ला कमरेशी धरलेली मूठ, ‘मी’ला आडवा तळहात. या खुणा इंग्लंडच्या जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात रूढ केल्या, कोदायच्या पद्धतीने त्या उचलल्या. मुलांना सुरुवातीला पाच स्वरांची गाणी देतात. दो, रे, मी, सो, ला म्हणजे बघा, आपल्या भूपाचेच स्वर! जुन्या हंगेरियन लोकगीतांचे पाच स्वर तर धानी रागाशी जुळतात. चलन अर्थात वेगळं.

मधल्या सुट्टीत पोटाचंही बघायला हवं. तिथली पाप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड. आपल्या ब्याडगीसारखी, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. मांसाहारी असाल तर गुयाश हा रस्सा खा. शाकाहाऱ्यांना लेचो चालेल, म्हणजे ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो यांची भाजी. पण तीत सॉसेज घातलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या. लांगोश ही तळलेली जाड पुरी, वर लसूण आणि आंबट साय. ज्वारीची भाकरी मात्र घरी आल्यावरच!

फिरताना डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवावेत. बुडापेस्टच्या मात्याश चर्चमध्ये १९३६ साली कोदायचं ‘ते देऊम’ पहिल्यांदा गायलं गेलं. अशा उंच दगडी वास्तूत सूर बराच वेळ रेंगाळतो, म्हणून क्वायरला लय थोडी संथ ठेवून शब्दांची टोकं नीट उच्चारावी लागतात. विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी हाक मारून पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याच शहरात गुल बाबा या दरवेशाची सोळाव्या शतकातली कबर आहे. ख्वाजा बंदे नवाजांच्या गावच्या माणसाला तिथे परकं वाटू नये.

पण या प्रवासातला मोठा धडा वर्गाबाहेरचा आहे. कोदाय आणि बेला बार्तोक विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले, शेतकऱ्यांची गाणी टिपून घेतली, आणि मगच ती क्वायरच्या मांडणीत आली. मूल आधी आपल्या बोलीतल्या गाण्यावर वाढावं, मग जगाचं गाणं शिकावं, असं कोदाय मानत.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जातं आता घराघरातून गेलं. ओव्या ज्यांच्या तोंडी आहेत, त्या आज्या थकल्या. आपल्या सीमाभागात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, कॉलेजात इंग्रजी. अशा मुलांच्या क्वायरने कुठलं गाणं गावं? परदेशातून नुसती पद्धत आणली आणि आजीची ओवी गेली, तर आपण दुसऱ्यांचीच गाणी छान गात बसू. कन्नड घरातल्या मैत्रिणीने तिच्या आजीचं गाणं आणावं, आपण आपल्या. दोन्ही एकाच क्वायरमध्ये शोभतील.

सुरुवात इथेच करता येईल. चार-सहा जण जमा. अर्ध्यांनी ‘सा’ धरून ठेवावा. उरलेल्यांनी हाताच्या खुणा करत सावकाश सा-रे-ग-प-ध म्हणावं आणि तसंच उतरावं. मग बाजू बदला. ‘सा’ धरणाऱ्यांचा सूर खाली घसरला, तर ते शेजाऱ्याला ऐकत नाहीत असं समजा. हे जमलं की सुट्टीत घरी जाऊन एक ओवी मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. म्हणणारीचं आणि गावाचं नाव, तिच्या परवानगीने, लिहून ठेवा. तिच्याखाली तोच ‘सा’ धरून बघा. आपल्या क्वायरचं पहिलं गाणं तिथून सुरू होईल.