कामाचा अंदाज कसा बांधावा?

काम केव्हा पुरे होईल, हा प्रश्न विचारणे सोपे. प्रामाणिक उत्तर देणे कठीण. आपल्या ट्रस्टच्या परिवारातील पुष्कळ मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या रात्रीच्या जागरणांचे मूळ अनेकदा चुकलेल्या अंदाजात असते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू.

भिंत बांधणारा गवंडी कालच्या भिंतीवरून आजचा हिशेब करतो. सॉफ्टवेअरचे काम मात्र दर वेळी काही अंशी नवे असते. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील स्नोबर्ड येथे १७ जाणकारांनी 'अ‍ॅजाइल' जाहीरनामा तयार केला. काम लहान भागांत करावे, ग्राहकास वरचेवर दाखवावे व अनुभवाने बेत सुधारावा, हे त्याचे सार होय. या पद्धतीत अंदाजाचे चार मार्ग रूढ आहेत.

पहिला, तास किंवा दिवस मोजणे. हा सर्वांना समजतो. पण एकाचा दिवस दुसऱ्याचे तीन दिवस ठरतो, आणि सांगितलेला दिवस लगेच वचन मानला जातो.

दुसरा, पॉइंट. पपईचे वजन किती हे हाताने नेमके सांगता येत नाही. पण दोहोंत जड कोणती हे कळते. तसे कामांची परस्परांशी तुलना करून १, २, ३, ५, ८, १३ असे अंक देतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये यासाठी पत्त्यांची रीत मांडली. सर्वजण पत्ते एकदम उघडतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांचे पाहून नवखा आपला आकडा बदलत नाही. एकाने ३ व दुसऱ्याने १३ म्हटले, तर दोघांनी कारणे सांगावयाची. ही चर्चाच खरा लाभ होय.

तिसरा, सदऱ्याच्या मापांप्रमाणे लहान, मध्यम, मोठे असे म्हणणे. दूरच्या, धूसर कामास एवढे पुरे.

चौथा, कामाचे तुकडे साधारण सारखे करून मागील आठवड्यांत किती पुरे झाले ते नुसते मोजणे.

एक उदाहरण घेऊ. मागील तीन पंधरवड्यांत गटाने १८, २२ व २० पॉइंटचे काम केले. १२० पॉइंट उरले आहेत. १२० ला २२ ने भागता साडेपाचाच्या आसपास, १८ ने भागता पावणेसाताच्या आत. म्हणून उत्तर एक तारीख नसून 'सहा ते सात पंधरवडे' असे द्यावे. काम वाढले, तर उत्तरही बदलावे.

निवड कशी करावी? गट नवा व काम अपरिचित असेल, तर पॉइंट व चर्चा. गट मुरलेला व तुकडे सारखे असतील, तर नुसती मोजणी. उद्यापरवाच्या कामास तास. ज्या अंदाजाने कोणताच निर्णय बदलणार नाही, तो बांधूच नये.

मात्र पॉइंटांवरून माणसाची किंमत करू नये. तसे केल्यास आकडे फुगतात, काम तेवढेच राहते. पॉइंटांच्या जनकांपैकी मानले जाणारे रॉन जेफ्रीज यांनी अशा दुरुपयोगामुळेच २०१९ मध्ये खेद व्यक्त केला. स्क्रम पद्धतीच्या मार्गदर्शिकेतही २०११ मध्ये 'वचन' या अर्थाचा शब्द काढून 'पूर्वानुमान' या अर्थाचा घातला गेला.

अंदाज म्हणजे शपथ नव्हे. आपल्या तरुणांनी तो निर्भयपणे सांगावा, चुकल्यास वेळीच कळवावे. आणि वरिष्ठांच्या खुर्चीत बसलेल्यांनी तो ऐकून घ्यावा. इतके झाले तरी कित्येक घरांत रात्रीचे जेवण वेळेवर होईल.