पोथीचे पान आणि केबलचे टोक



कारंजा येथील बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन जैन मंदिरांची ग्रंथभांडारे अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत; प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतच प्रसिद्ध झाले. त्या पिढीला पाठ हाताने उतरून घ्यावे लागत. आता विश्वस्तांची परवानगी मिळाल्यास पोथ्यांच्या पानांची छायाचित्रे घेता येतात. मात्र चित्र संगणकावर सुखरूप उतरेपर्यंत ते काम अर्धेच असते, आणि जीर्ण पान पुन्हा उलगडायला लावणे हा पोथीवर अन्यायच असल्याने अभ्यासकाने केबलकडे पाठभेदांइतकेच लक्ष द्यावे.

कॅमेऱ्याच्या कडेचे रबरी झाकण उघडून आधी खाच नीट पाहावी. जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा मिनी यूएसबीची, म्हणजे जाडसर आणि पाच पिनांची खाच असते. मायक्रो यूएसबीची खाच त्याहून चपटी असते, तर टाइप-सी कोणत्याही बाजूने बसते. काही कंपन्यांनी मात्र स्वतःची आठ पिनांची खाच केली होती. ती मिनीसारखीच दिसते, पण तिला तिचीच केबल लागते. टोक सहज जात नसेल तर जोर करू नये, कारण वाकलेली पिन सरळ करणे दुकानदारालाही सहसा जमत नाही.

टोक बसूनही संगणकावर काहीच दिसले नाही, तर कॅमेरा बिघडला असे लगेच मानू नये. साध्या यूएसबी २.० केबलच्या आवरणात चार तारा असतात. लाल आणि काळी वीज वाहतात, हिरवी आणि पांढरी माहिती. केवळ चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलमध्ये या शेवटच्या दोन ताराच नसतात आणि बाहेरून हा फरक ओळखू येत नाही. मायक्रो किंवा टाइप-सी केबल असल्यास तिने मोबाइल संगणकाला जोडून पाहावा: नुसते चार्जिंग होऊन फायली पाठवण्याचा पर्याय येतच नसेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. त्यानंतर बॅटरी पूर्ण भरून, केबल हबऐवजी थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावून कॅमेरा सुरू करावा. कॅमेरा पीटीपी, म्हणजे चित्रे हस्तांतरित करण्याच्या ठरीव पद्धतीने बोलत असेल, तर तो पेनड्राइव्हसारखा न दिसता स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतो. त्याने गोंधळून जाऊ नये.

वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून चित्रे ‘कट’ न करता ‘कॉपी’च करावीत, मध्येच संगणक बंद पडला तरी मूळ चित्रे कार्डावर राहतात. मग दोन्हीकडची संख्या जुळवून, चार-दोन चित्रे मोठी करून अक्षरांची कड स्पष्ट आहे का ते पाहावे आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर झाल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. आणखी एक गोष्ट: कॅमेरा चित्रांना चार आकडी क्रमांक देतो आणि ९९९९ नंतर पुन्हा १ पासून मोजू लागतो, तर पोथीवर पत्रांक बहुधा पानाच्या एकाच बाजूस असतो, तेव्हा प्रत्येक पोथीच्या पहिल्या चित्रात तिच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी आणि फोल्डरलाही तोच क्रमांक द्यावा.