दाखला एक, खिडक्या अनेक

समजा कसाऱ्याची एक मुलगी लोकलने आसनगावला उतरून शहापूरच्या शाळेत जाते. तिला सवलतीचा पास हवा आहे. शाळा आपल्या नोंदवहीवरून सहीशिक्क्याचा दाखला देते. खिडकीवरचे कारकून नोंदवही मागवत नाहीत. शिक्का पाहून पास देतात. गाडीतले तपासनीस तर फक्त पास पाहतात. तिच्या पत्त्याशी त्यांना कर्तव्य नसते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. क्रिप्टोकरन्सी म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर नोंदले जाणारे चलन. त्याची खरेदी-विक्री जेथे होते, त्या संस्थांना एक्स्चेंज म्हणतात. चोरीचा पैसा खोट्या नावाने फिरू नये म्हणून मार्च २०२३ पासून भारतात या संस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे. ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. पण तीन एक्स्चेंजमध्ये खाते उघडले, की आपली कागदपत्रे तीन ठिकाणी साठतात. म्हणजे चोराला तीन कपाटे! परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

यावर उपाय काय? एक प्रयोग करा. चार चिठ्ठ्यांवर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ‘वय दहा वर्षे पूर्ण’ असे लिहा. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या पाकिटात घाला. बाईंनी मजकूर तपासून प्रत्येक पाकीट बंद करावे व जोडावर सही करावी. आता ज्याला फक्त वयाची खात्री हवी, त्याच्यापुढे चौथेच पाकीट उघडा. बाकीची तीन बंदच राहतील.

संगणकात हे काम अंकीय सही करते. सही करणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. सही पडताळण्याची दुसरी किल्ली सर्वांना खुली असते. मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही. म्हणून एका विश्वासू संस्थेने एकदा केलेली तपासणी अनेकांना चालू शकते.

१९८५ साली गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी याच्याही पुढची कल्पना मांडली. तिला शून्यज्ञान सिद्धता म्हणतात. या पद्धतीने जन्मतारीख न सांगताही वय अठराच्या वर असल्याचे सिद्ध करता येते. मात्र कायद्याने जी माहिती नोंदवायलाच हवी, ती यामुळे टळत नाही. शिवाय सही देणारी संस्था प्रामाणिक असावी लागते.

विचार करा : तीनही खिडक्यांवर तेच सही केलेले पाकीट दाखवले, तर खिडक्यांवरच्या माणसांना एकमेकांत बोलून काय ओळखता येईल? ते कसे टाळाल?