पहिल्या आकाराची मारुती ८००

प्रश्न : बाबांनी १९८५ साली घेतलेली मारुती ८०० आजही मूळ रंगात आहे. तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद होईल का? काय जपावे? – एक वाचक, तुमसर

उत्तर : डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी मुळात सुझुकीची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाके. १९८६ मध्ये आकार बदलला, त्यामुळे तुमच्यासारखी गाडी आता क्वचितच दिसते. कृपया नवा रंग देऊ नका. फिका पडलेला मूळ रंगच तिचे खरे मोल आहे.

केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी ५० वर्षे पूर्ण लागतात; चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार चालत नाही. तोवर दर ५ वर्षांनी आरसीचे नूतनीकरण भंडाऱ्याच्या आरटीओत करा, खंड पडू देऊ नका.

खरी काळजी पेट्रोलची. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर फुगवते आणि ओलावा धरते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा. धानाच्या पोत्यांजवळ ती ठेवू नका, उंदीर वायरिंग कुरतडतात. पावसाळ्यात दाराखालची पाणी निघायची भोके मोकळी ठेवा. पत्रा तिथूनच सडतो.