सिस्टर रोझेटा थार्प व तिची गिटार

'रॉक' संगीताचें नांव निघालें कीं एल्विस प्रेस्लीसारखे तरुण पुरुष डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु त्यांच्याही पूर्वीं विजेच्या गिटारीवर तोच आवेश एका स्त्रीनें प्रकट केला होता. तिचेंच हें अल्प चरित्र.

रोझेटाचा जन्म २० मार्च १९१५ रोजीं अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यांतील कॉटन प्लांट या लहानशा गांवीं झाला. तिची आई केटी बेल न्यूबिन ही मँडोलिन वाजवून धर्मोपदेश करीत असे. आईबरोबर गांवोगांव हिंडत ही मुलगी बालपणींच गाऊं व गिटार वाजवूं लागली.

१९३८ सालीं डेक्का कंपनीनें तिचीं गीतें मुद्रित केलीं. त्याच वर्षीं ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबांत व कार्नेगी हॉलांत गायिली. येथेंच तिची कसोटी लागली. भक्तिगीतें रात्रींच्या क्लबांत नेलीं म्हणून मंडळींतील पुष्कळ जण रुष्ट झाले. तिनें मात्र भक्तिगीत सोडलें नाहीं, आणि गिटारीचा ठेकाही सोडला नाहीं. १९४४ सालीं मुद्रित झालेलें तिचें 'स्ट्रेंज थिंग्स हॅपनिंग एव्हरी डे' हें गीत पुढील वर्षीं 'बिलबोर्ड'च्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादींत दुसऱ्या स्थानीं पोंचलें. पुष्कळ अभ्यासक त्याची गणना रॉकच्या आद्य गीतांत करितात. १९४७ सालीं मेकन शहरीं तिनें एका चौदा वर्षांच्या मुलास आपल्या रंगमंचावर गाण्याची संधि दिली. तोच पुढें लिटल रिचर्ड या नांवानें विख्यात झाला.

एवढी कीर्ति असूनही दक्षिणेकडील दौऱ्यांत वर्णभेदामुळें हॉटेलाचें दार तिला बंद असे. मग गाडींतच रात्र काढावी लागे. १९६४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ती गायिली. श्रोते समोरच्या फलाटावर बसले होते. १९७० सालीं तिला पक्षाघात झाला, पुढें एक पायही कापावा लागला. तरी तिनें गाणें थांबविलें नाहीं. ९ ऑक्टोबर १९७३ रोजीं फिलाडेल्फियांत ती निवर्तली.

तिच्या थडग्यावर तीस वर्षांहून अधिक काळ नांवाचा दगडही नव्हता. अखेर चाहत्यांनीं तो बसविला, आणि २०१८ सालीं 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्यें तिला स्थान मिळालें.

यांतून काय घ्यावें? मुलांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, मान उशिरां मिळाला म्हणून काम लहान ठरत नाहीं. आणि पालकांनीं त्या आईस विसरूं नये. तिनें मुलीच्या हातीं वाद्य दिलें, व ही मुलगी आहे म्हणून तें परत घेतलें नाहीं.